रसाचा आकडा बाटलीच्या समोर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आलं. फेब्रुवारीत महाबळेश्वरहून उतरताना त्यांनी पसरणी घाटाच्या पायथ्याशी एका बाईकडून स्ट्रॉबेरी क्रशची बाटली घेतली, पाहुणे आले की काढू म्हणून कपाटात ठेवली. मे महिन्यात काढली तर लाल क्रश विटकरी झालेला, वर गराचा थर, खाली पाक. "अशी भेसळ राजरोस चालते, पर्यटकांनी नावाजलेल्या कंपनीचाच माल घ्यावा," असं त्यांनी लिहिलं आहे.

ती बाई मी नाही. पण बाटली माझी असती तरी तिचं हेच झालं असतं, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

मी वाई तालुक्यात राहते. २०११ च्या हिवाळ्यात बचत गटातून हे काम सुरू केलं. गट पुढे मोडला, काम राहिलं. घरामागची पत्र्याची खोली होती ती स्लॅबची झाली, टाइल्स लागल्या, जाळीचं दार लागलं. मी, माझी जाऊ आणि हंगामात गावातल्या चौघीजणी. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत स्ट्रॉबेरी, मग करवंद आणि जांभूळ, पावसाळ्यात लिंबं स्वस्त झाली की लिंबू. मधल्या काळात बाटल्या धुणं, लेबलं चिकटवणं आणि दुकानदारांकडून पैसे वसूल करणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त दिवस चालतं.

आधी रंगाचं सांगते. स्ट्रॉबेरीचा लाल रंग तिच्या रसातच असतो आणि तो फार नाजूक असतो. उष्णता, उजेड आणि हवा या तिघांपुढे तो टिकत नाही. क्रश टिकावा म्हणून ८५ अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच बाटलीत भरावा लागतो, तेव्हाच थोडा रंग जातो. उरलेला बाटलीत हळूहळू उतरतो. दुकानदाराने ती बाटली एप्रिलच्या उन्हात रस्त्याकडच्या फळीवर मांडली तर तीन महिनेसुद्धा लागत नाहीत. चव राहते, आंबटपणा राहतो, वास थोडा मंदावतो. जांभळाचंही असंच. लिंबू किंवा आंबा टिकवायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, ते लाल-जांभळ्या फळांना घालता येत नाही, कारण ते रंगच खाऊन टाकतं. म्हणून आम्ही स्ट्रॉबेरीला सोडियम बेंझोएट घालतो. या पत्रलेखकांनी ज्या बाटलीला भेसळ म्हटलं, तिच्यात बाहेरचा रंग घातलेला नव्हता एवढाच तिचा गुन्हा दिसतो. कार्मोझिन नावाचा तांबडा रंग घातला असता तर ती पुढच्या वर्षीच्या बगाडाच्या जत्रेपर्यंत दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी लालभडक राहिली असती, आणि हे पत्र आपल्याकडे आलंच नसतं.

हा रंग घालणं बेकायदा नाही, हेही लगेच सांगून टाकते. कायद्याने परवानगी असलेल्या रंगांत तो आहे, त्याला प्रमाणाची मर्यादा आहे आणि लेबलवर त्याचं नाव किंवा आयएनएस १२२ हा त्याचा क्रमांक लिहावा लागतो. मीसुद्धा एका हंगामात दोन बॅचना घातला होता. साताऱ्यातल्या एका दुकानदाराने अडतीस बाटल्या परत पाठवल्या तेव्हाची गोष्ट. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक रंग बघतं, मागं काय लिहिलंय ते कोण वाचतंय? थोडा रंग टाका की, परवानगी आहे ना?" टाकला. त्या दोन्ही बॅच महिन्याभरात संपल्या. लेबलवर कृत्रिम रंग असल्याचं मी स्पष्ट छापलं होतं, त्याबद्दल एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हे काय गं, कुंकवाचं पाणी केलंस?" तिसऱ्या बॅचला रंग घातला नाही. त्यात सासूबाईंचा धाक किती आणि माझी तत्त्वं किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. फळाच्या गोड पाकाला आपण सगळेच सरबत म्हणतो. पण २०११ सालच्या अन्न सुरक्षेच्या नियमांत त्याचा एक तक्ता आहे, आणि तो दुकानदारांना, गिऱ्हाइकांना, एवढंच काय आमच्यासारख्या कित्येक करणाऱ्या बायकांनाही माहीत नसतो. स्क्वॅश, क्रश, फ्रूट सिरप म्हणजेच सरबत, कॉर्डियल आणि बार्ली वॉटर अशी त्यात पाच नावं आहेत. पाचांतही फळाचा रस किमान २५ टक्के हवा. फरक आहे तो विरघळलेल्या घन पदार्थांचा, म्हणजे मुख्यतः साखरेचा. स्क्वॅशला किमान ४० टक्के, क्रशला ५५, सरबताला ६५, कॉर्डियल आणि बार्ली वॉटरला ३०. आमच्याकडे हे मोजायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते, ब्रिक्स मीटर. काचेवर थेंब टाकायचा, डोळा लावायचा, आकडा दिसतो. माझी जाऊ सातवीपर्यंत शिकलेली आहे, पण तिने "चोपन्न आलंय, अजून आटवा" म्हटलं की मी पुन्हा बघत नाही.

या तक्त्याची एक गंमत आहे. मी लिंबाचा रस काढून, तळ बसू देऊन, वरचा नितळ रस घेऊन कमी साखरेचा एक प्रकार करते. मधुमेहवाले नको म्हणतात, पण ज्यांना नुसतं गोडमिट्ट नको असतं ते आवडीने नेतात. त्यात साखर पस्तीस टक्क्यांच्या आसपास. तक्त्याप्रमाणे त्याला सरबत म्हणता येत नाही, कारण सरबताला ६५ हवेत. स्क्वॅशही म्हणता येत नाही, तिथे ४० हवेत. उरतं कॉर्डियल. तसं छापलं. एका किराणावाल्याने बाटली हातात घेऊन विचारलं, "हे खोकल्याचं आहे का?" दुसऱ्याने औषधाच्या दुकानात ठेवा असा सल्ला दिला. ज्याला आमच्या आज्या-पणज्या सरबत म्हणत आल्या, तेच साखर कमी केली की कायद्याच्या वहीत सरबत राहत नाही. असो. कॉर्डियल तर कॉर्डियल. मी खाली बारीक अक्षरात "पाणी घालून प्यायचा लिंबाचा गोड रस" असं मराठीत लिहिते आणि तोंडाने सरबतच म्हणून विकते.

तरी हा तक्ता मला मोलाचा वाटतो. पंचवीस टक्के रस हवा म्हणजे हवा. मी चाळीस टक्के गर घालते. १०० किलो क्रशला ४० किलो गर, ५२ किलो साखर, किलोभर लिंबूसत्व, बाकी पाणी. त्यातून ७५० मिलीच्या एकशे पाचेक बाटल्या भरतात. एवढ्या गरासाठी देठ काढून, डागी फळ वेचून, सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलो स्ट्रॉबेरी लागते. मोठं, टपोरं फळ पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत भरून मुंबई-पुण्याला जातं. आमच्याकडे मार्च-एप्रिलचं बारीक फळ येतं, तेही यंदा किलोला साठ रुपयांच्या आसपास पडलं. शिवाय तो माल थांबत नाही. सकाळी आठला क्रेट उतरले की संध्याकाळपर्यंत त्याचं काहीतरी करावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी वासावरून कळतं. बाटली, झाकण, लेबल, गॅस, मजुरी धरून एक बाटली मला ऐंशी रुपयांच्या घरात पडते.

याच्या शेजारी दुकानात एक दुसरी बाटली उभी असते. साखरेचा पाक, लिंबूसत्व, तांबडा रंग आणि स्ट्रॉबेरीचा वास येणारं इसेन्स. फळ शून्य. माझ्या हिशोबाने ती करायला पंचावन्नच्या वर खर्च येऊ नये. छापील किंमत माझ्यापेक्षा थोडीशीच कमी, म्हणजे दुकानदाराला सुटतं जास्त, वर दहा बाटल्यांवर एक फुकट. तो ती पुढे मांडणार आणि माझी मागे, यात त्याला दोष देता येत नाही.

आता कुणी म्हणेल, ही भेसळ आहे, तक्रार करा. भेसळ नाहीये, तिथेच तर सगळं अडतं. ती बाटली मी मुद्दाम विकत आणली आणि सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेऊन दुपारभर तिचं लेबल वाचलं. नुसता फळाचा वास घातला असेल तर फळाच्या नावापुढे "फ्लेवर्ड" लिहावं आणि फळच नसेल तर ते आहे असा समज होईल असं लेबल छापू नये, असं लेबलच्या नियमांत २०११ मध्येच आलेलं आहे. त्या बाटलीवर स्ट्रॉबेरीचं चित्र नव्हतं. एक उंच ग्लास होता, त्यात लाल पेय, बर्फाचे खडे आणि वर पुदिन्याचं पान. "स्ट्रॉबेरी" हा शब्द माझ्या अंगठ्याएवढा. त्याखाली "फ्लेवर्ड सिरप" हे शब्द जिऱ्याएवढे. मागे घटकांच्या यादीत साखर, पाणी, आयएनएस ३३० म्हणजे लिंबूसत्व, आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, आयएनएस १२२ म्हणजे तोच तांबडा रंग, सगळं इंग्रजीत, चंदेरी कागदावर करड्या शाईने. वकिलाला दाखवलंत तर तो म्हणेल, सगळं नियमात आहे. माझ्या जावेला दाखवली तर ती म्हणाली, "स्ट्रॉबेरीचीच आहे की."

लेबलच्या २०२० सालच्या नियमांनुसार एखाद्या घटकाचं नाव किंवा चित्र ठळक दाखवलं तर त्याचं प्रमाण टक्क्यांत लिहावं लागतं. मी लिहिते, इतरही लिहितात. पण कुठे? मागे, घटकांच्या यादीत, कंसात. आणि कोणत्या भाषेत? नियम म्हणतो, इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी. मराठी हवी असेल तर हौसेने वेगळी छापा. म्हणजे वाईत तयार झालेली, साताऱ्यात विकली जाणारी आणि कोरेगावच्या लग्नात पाहुण्यांपुढे येणारी बाटली मराठीत काहीही न सांगता पूर्ण कायदेशीर असू शकते.

मला म्हणायचंय ते एवढंच आहे. बाटलीच्या समोरच्या बाजूला, फळाचं नाव ज्या आकारात छापलंय त्याच्या निम्म्याहून लहान नाही अशा अक्षरांत, मराठीत, "फळाचा रस किंवा गर अमुक टक्के" असं छापणं सगळ्यांना सक्तीचं करा. ज्याच्यात नाही त्याने शून्य छापावं. रंग घातलाय तर तिथेच "रंग घातला आहे" असंही लिहावं. स्वस्त, रंगीत पाण्याची बाटली विकायला माझी हरकत नाही. बावधनच्या बगाडाला रंगपंचमीच्या उन्हात लाखाची गर्दी फिरते, तिथे दहा रुपयांत लाल, गार, गोड काहीतरी मिळतं आणि पोरं ते प्यायल्यावर जिभा काढून एकमेकांना दाखवतात. मीसुद्धा लहानपणी दाखवल्यात. पण दहा रुपये देणाऱ्याला तो कशाचे देतोय ते माहीत असतं. दीडशे देणाऱ्यालाही माहीत असायला हवं.

हे होणं अवघड आहे असं सांगणाऱ्यांना मी जून २०२४ ची आठवण करून देते. पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर "१०० टक्के फळांचा रस" असं लिहू नका, असा आदेश केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने काढला आणि आधी छापलेली वेष्टनं संपवायला १ सप्टेंबरच्या आतली मुदत दिली. भल्याभल्या कंपन्यांचे खोके त्या एका कागदाने बदलायला लागले. मग आकडा मागून पुढे आणायला किती वेळ लागणार? २०१८ च्या जाहिरातींच्या नियमांतही, नावात "नॅचरल", "प्युअर", "फ्रेश" असे शब्द असतील आणि त्यातून दिशाभूल होत असेल, तर "हे फक्त नाव आहे, मालाचं वर्णन नाही" अशा अर्थाची ओळ तीन मिलिमीटरच्या अक्षरांत छापायला सांगितलेली आहे. तीन मिलिमीटर किती ते फूटपट्टी घेऊन बघा. निदान तेवढ्या अक्षरांत रसाचा आकडा तरी येऊ दे.

आमच्यातल्याच काही जणींना माझं हे बोलणं आवडणार नाही, कारण त्यांची मागणी उलटी असते. घरगुती मालाला एवढे नियम कशाला, आम्ही काय विष घालतो का, असं प्रत्येक प्रदर्शनात ऐकते. पूर्वी मीही हेच म्हणायचे. २०१४ चा पावसाळा माझ्या चांगला लक्षात आहे. मेढ्याच्या एका लग्नघराने साखरपुड्यासाठी लिंबाच्या चोवीस बाटल्या मागवल्या आणि बजावून सांगितलं, केमिकल अजिबात नको. मी खूश. बेंझोएट घातलंच नाही, पस्तीस टक्के साखरेवर आणि स्वतःच्या स्वच्छतेवर भरवसा ठेवला. ६५ टक्के साखर असती तर माल साखरेनेच टिकला असता, ३५ ला टिकत नाही, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. बाटल्या एसटीने पाठवल्या. दहाव्या दिवशी फोन आला. माळ्यावर ठेवलेल्या बाटल्यांची झाकणं रात्री फटाक्यांसारखी उडाली होती, दोन फुटल्या होत्या, आणि नवऱ्या मुलीच्या शालूवर माळ्यावरून पाक ठिबकला होता. शालूचे पैसे मी दिले. ते घर आजही माझ्याकडून काही घेत नाही. कुणाला लागलं नाही हे नशीब.

त्यानंतर कुणी "केमिकल नाही ना?" असं विचारलं की मी सरळ सांगते, आहे. सोडियम बेंझोएट, मर्यादेत, मोजून. ज्याला नको असेल त्याने हंगामात गर न्यावा, घरी साखर घालून फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठ दिवसांत संपवावा. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच वळतात आणि शेजारच्या टेबलावरची "केमिकल फ्री" अशी चिठ्ठी लावलेली बाटली घेतात. त्या बाटलीत काय आहे ते मला माहीत आहे, कारण आम्ही दोघी एकाच दुकानातून सामान आणतो. म्हणून म्हणते, आकडे समोर छापायचे तर फक्त मोठ्यांनी नव्हे, आम्हीही छापले पाहिजेत.

आमची पहिली लेबलं तर बघण्यासारखी होती. वाईत छापलेली, स्ट्रॉबेरीचं टम्म चित्र, त्यावर गटाचं नाव, भाव आणि "एकदा वापरा, पुन्हा मागाल" असं लिहिलेलं. बॅच नंबर नाही, उत्पादनाची तारीख नाही, नोंदणी क्रमांकाचा पत्ताच नाही. २०१३ मध्ये नोंदणी केली. तेव्हा बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना वर्षाला शंभर रुपये भरून नोंदणी मिळायची. चौदा आकडी नंबर हातात आल्यावर जावेने तो देवघरात ठेवला होता, बाटलीवर छापायचा असतो हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते दाखवून दिलं, सुधारून घ्या म्हणाले आणि मुदत दिली. अकराशे बाटल्यांची लेबलं गरम पाण्यात भिजवून नखांनी काढली. लेबल चुकीचं असेल तर कायद्यात तीन लाखांपर्यंत दंड आहे, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर त्या रात्री झोप लागली नसती.

नंतर एकदा नमुनाही नेला होता. नमुन्याचे चार भाग करतात, एक विश्लेषकाकडे जातो, दोन राखून ठेवतात, आणि आपण मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. अहवाल चौदा दिवसांत यायचा असतो, आणि तो विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील करता येतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणी नमुना नेला म्हटलं की रडायला लागतात, नाहीतर कुणाच्या ओळखी काढायच्या याचा विचार करतात. माझा नमुना पास झाला. पास झाल्याचा कागद दुकानदाराला दाखवला, तर तो म्हणाला, "छान. पण रंगाचं काय?"

मोठ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. चाळीस टक्के गर घालते म्हणून मी फार पौष्टिक काही विकते असं नाही. माझ्या क्रशमध्ये निम्म्याहून जास्त साखर आहे. एक भाग क्रश आणि चार भाग पाणी घेतलं तर ग्लासात गर उरतो आठ टक्के. कायद्यापुरता पंचवीस टक्के रस घातलेल्या बाटलीचा ग्लास केला तर पाच. तयार पेय म्हणून विकायचं झालं तर त्यात किमान दहा टक्के रस लागतो, तेव्हा आमचा ग्लास त्याही खाली आहे. फळ खायचं असेल तर पनेटमधलं फळ खा. सरबत हे सरबत आहे, उन्हातून आलेल्या माणसाला द्यायचं, रोज शाळेच्या बाटलीत भरून द्यायचं नाही. साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांचे आकडे लेबलवर ठळक आणि मोठे छापावेत असा प्रस्ताव प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मान्य केला, ते वाचून आमच्या धंद्यातले काही जण हादरले होते. मीही हिशोब केला. माझ्या बाटलीवर साखरेचा आकडा पन्नासच्या पुढे येईल, ठळक. येऊ दे. त्याच्या शेजारी फळाचा ४० येणार असेल तर मला चालेल. शेजारच्या बाटलीवर साखर ६५ आणि फळ शून्य असं येईल, मग गिऱ्हाइकाने काय घ्यायचं ते घ्यावं.

गेल्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी एक खेळ केला. पन्ह्याच्या शेजारी दोन जग ठेवले, एकात माझा क्रश, दुसऱ्यात ती भिंगाने वाचलेली बाटली. अकरा बायकांना विचारलं, खऱ्या स्ट्रॉबेरीचं कोणतं? नऊ जणींनी लालभडक जगाकडे बोट दाखवलं. त्यांतल्या दोघींचे भिलारला स्वतःचे स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत! दहावीने दोन्ही प्यायलं आणि पन्हं मागितलं. अकरावी माझी जाऊ. ती उत्तर फोडेल म्हणून तिला मोजायला नको होतं.

इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये महाबळेश्वरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. फळाला मिळालं, त्याच्या इसेन्सला नाही. तरी घाटात बाटल्या बघत चाललात तर "महाबळेश्वर" हा शब्द कशावर नाही ते शोधावं लागेल. नियम दिल्लीत होतात हे मला कळतं, राज्याला लेबलचे नियम परस्पर बदलता येत नाहीत हेही कळतं. तेव्हा या पत्राच्या निमित्ताने सातारा-सांगलीच्या खासदारांनी एवढा एक मुद्दा प्राधिकरणाकडे न्यावा. तोवर मी वर लिहिलेला पाच नावांचा तक्ता आपण चौकट करून पहिल्या पानावर नाही, निदान रविवारच्या पुरवणीत पाककृतींच्या शेजारी छापावा. लोक तो कापून फ्रीजवर लावतील. पाककृती लावतातच.

आणि त्या पुण्याच्या गृहस्थांना विनंती. बाटली अजून फेकली नसेल तर तिच्यावरची तारीख बघा. मुदत उलटली नसेल, झाकण फुगलेलं नसेल, तर उघडून वास घ्या. आंबूस किंवा दारूसारखा आला तर ओतून द्या, आणि त्या बाईला फोन करून खडसवा, लेबलवर नंबर असेलच. नसेल तर तुमची तक्रार खरी, माझं वरचं सगळं पत्र बाजूला ठेवा. पण वास स्ट्रॉबेरीचा आला तर बाटली हलवून गर एकत्र करा, एकाला चार पाणी घाला, चिमूटभर मीठ टाका आणि डोळे मिटून प्या.

आपली,
एक वाचक आणि सरबतवाली, वाई, जि. सातारा

(कृपया नाव छापू नये. वर उल्लेख केलेल्या दुकानदाराकडून मागच्या हंगामाचे पैसे अजून यायचे आहेत.)